अंथरुणातला परका हात

"डावी बाजू गेली" असं आपल्याकडं लोक सहज म्हणून जातात. गेली म्हणजे कुठं गेली, हे कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

आई रेणापूरला एकटी राहायची, मी लातूरला. समोरच्या खोलीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान, मागं घर. एका सकाळी आई नळावर पाणी भरताना पडली. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून तिला लातूरच्या दवाखान्यात आणलं. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी, डावा हात-पाय लुळा. पण बोलणं शाबूत, ओळख शाबूत. मला बघून म्हणाली, "दुकान उघडं टाकून आलीस व्हय गं?" मी तिथंच रडले. म्हटलं, सुटलो. कसलं काय!

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, गिळता येतंय, मऊ भात भरवा. मी घरून दूधभात कालवून नेला. आईनं तोंड मिटलं. "पूजा व्हायची हाय अजून."

आम्ही लिंगायत. गळ्यातल्या चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं पाणी घालायचं, भस्म लावायचं, टक लावून बघत बसायचं, मग तोंडात घास. मी स्वतः घाईची बाई. डबीला हात लावते, शिव शिव म्हणते आणि मशीनवर बसते. आईचं तसं नव्हतं. बाळंतपणात नाही, तापात नाही, बाबा गेले त्या आठवड्यात नाही, पूजेआधी तिनं जन्मात कधी काही खाल्लं नाही.

मी तिचं अंग पुसलं, डबी उघडली, तिचा डावा हात उचलून छातीवर आणला आणि मुडपलेली बोटं एकेक करून उलगडली. आईनं हाताकडं बघितलं आणि अंग चोरलं.

"ह्यो कुणाचा हात हाय?"

"तुझाच की."

"माझा कशाला असंल? माझा असता तर मला कळलं नसतं?"

मला वाटलं, गंमत करतेय. तिची तशी सवय होती. मग मी तिला कोपरापाशी हिरवं गोंदण दाखवलं. ते तिच्या आईनं तिला लहानपणी देगलूरच्या जत्रेत काढून दिलेलं. ते तिनं नीट बघितलं. म्हणाली, "हिनं पण माझ्यासारखंच काढलंय. लई नक्कल करतात बायका."

डॉक्टरांना जाऊन विचारलं, आई वेडी झाली का? ते म्हणाले, नाही. हात लुळा पडला एवढंच झालेलं नाही, हा हात आपला आहे हेच तिचा मेंदू विसरलाय. डावीकडचं तिला दिसतं पण जाणवत नाही. ती खोटं बोलत नाही, तुम्ही वाद घालू नका. आणि जाता जाता म्हणाले, दोन दिवसांत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

वाद घालू नका म्हणे! मी घातला. मी लई चिडकी आहे, सगळी गल्ली सांगेल. म्हटलं, उजव्या हातावर घे. आई म्हणाली, "मग पाणी कशानं घालू, पायानं?" म्हटलं, मनातल्या मनात कर. म्हणाली, "मनाला आंघोळ कुणी घातलीय?" जिभेला काहीच झालं नव्हतं बघा. वाटी तशीच हातात धरून मी उभी, आणि सलाईनवर तिचं तोंड सुकत चाललेलं. चौथ्या दिवशी दुपारी माझा तोल गेला. मी तो डावा हात उचलला आणि त्याच्यावर सटकन चापट मारली. "लागलं का? सांग, लागलं का? कुणाचा हात आहे हा?"

आई शांतपणे म्हणाली, "मला कशाला लागंल? तिला लागलं असंल. मारू नको गं बिचारीला. तिचं पण कुणी न्हाई वाटतं हितं."

हातावर माझी चार बोटं उठली होती. मी जिन्यात जाऊन बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. आजही ती चापट आठवली की माझा हात जड होतो.

संध्याकाळी आमच्या घरचे स्वामी, आमचे गुरू आले, म्हातारे, काठी टेकत. हात जोडून शरणार्थ म्हणून आईजवळ स्टुलावर बसले. मी त्यांना बाहेर नेऊन सगळं सांगितलं. मग आत येऊन आईला म्हणाले, "आई, हात अडला असंल तर पोटच्या लेकीच्या हातावर घ्या. लेक काय वेगळी हाय का? चालतंय."

आईला ते पटलं. "मग आण तुझा हात," म्हणाली. मी पलंगाच्या डाव्या बाजूला उभी होते, उजवीकडं भिंत. मी माझा डावा हात तिच्या छातीवर, तिच्याच हाताशेजारी उघडून धरला. आईनं उजव्या हातानं चाचपलं आणि धरला तो तिचाच हात. तो गार, मुडपलेला.

"ह्यो तुझा होय? मग चार दिवस सांगायला काय झालं होतं?"

स्वामींनी माझ्याकडं बघितलं. मी काहीच बोलले नाही. हळूच माझा हात काढून घेतला. स्वामींनी मान खाली घातली आणि बेलाचं पान पुढं केलं.

आईनं त्या हातावर पूजा केली. पाणी घातलं, भस्म लावलं, डोळे भरून बघितलं. मग आ केला. सात घास खाल्ले. त्या सात घासांसाठी मी काहीही केलं असतं, खरं सांगते.

घरी आणलं तेव्हापासून हेच चाललंय. सकाळी पूजा, मग भात. पूजा झाली की आई त्या हाताशी बोलते. त्याला कुरवाळते. "आज दुकान बंद का गं?" असं त्याला विचारते. मी समोर बसून हूं म्हणते. समोर येताना माझा डावा हात मी पदराखाली दाबून ठेवते, उजव्या हातानंच भरवते, त्याच हातानं पुसते. तिला माझा तिसरा हात दिसला तर? मग कुणाचा कुठला, हे पुन्हा सुरू होईल. दोन हातांनी कापड कापणारी बाई मी, घरात लुळी होऊन वावरते.

महिन्याभरानं एकदा हात दाबता दाबता ती म्हणाली, "तुझ्या हातात जीवच न्हाई गं. गार पडलाय. मशीन चालवून चालवून असं झालं. दवाखान्यात दाखव की." म्हटलं, दाखवते. पुढच्या सोमवारी तिनं भाताची वाटी दूर सारली. "तुझ्या हातासाठी सोमवार धरलाय." मला हसावं की रडावं कळेना. हात बरा होईना तसं तिनं रात्रीचं जेवण सोडलं. गालफडं बसली. गोळ्या उपाशीपोटी द्यायच्या नाहीत म्हणून मी भांडले, हातापाया पडले. "तुझं तुला कळत न्हाई," एवढंच म्हणाली.

खरं सांगावं, तर कसं सांगू? हा हात माझा नाही म्हटलं, की इतक्या दिवसांची पूजा तिनं परक्याच्या हातावर केली असं होईल. आणि तुझाच म्हटलं तर ती मानणार नाही. महादेवा, मी एकदाच गप्प बसले होते, तेही तिनं खावं म्हणून.

आज सकाळी पूजा झाली, तरी तिनं तोंड उघडलं नाही. आज सोमवारही नव्हता.

"आता काय?"

"आजपास्नं न्हाई. तुझा हात हलंस्तोवर न्हाई."

मी वाटी खाली ठेवली. तिच्या डावीकडं गेले, चादरीखालून माझा हात घातला, आणि तिची बोटं खालून वर ढकलली. एक, मग दुसरं.

"बघ आई, हलला. बघ ना."

आईनं खूप वेळ बघितलं. मग उजव्या हातानं ती बोटं हलकेच दाबून खाली ठेवली.

"असा ढकलून हलवू नको बाई. दुखंल तुला," म्हणाली, आणि तोंड मिटूनच घेतलं.