चाचांची मान

फोनवरून प्रश्न आला की चाचा मान हलवायचे. होकार असला की वरखाली, नकार असला की डावीउजवी, आणि पुण्याच्या साहेबांनी कौतुक केलं तर छातीवर हात ठेवून किंचित झुकायचे. पुण्याला यातलं काही दिसत नसे. तिकडून "हॅलो? लाइन गेली का?" असं सुरू व्हायचं आणि टेबलाभोवतीचे आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहायचो.

फोनवर मीटिंगा करणाऱ्या ऑफिसात असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचे चाचा गंगापूरचे, वाळूजच्या कारखान्यात सुट्या भागांवर धातूचा मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंग खात्याचे सुपरवायझर. खात्यात त्यांचा आवाज यंत्रांच्याही वर चढायचा. फोनपुढे मात्र उठून उभे राहायचे, "हाजिर हाय, साहेब," म्हणायचे, की संपलं.

"चाचा, तोंडानं बोला ना," मी एकदा वैतागून म्हटलं.

"बेटा, चेहरा दिसंना त्या माणसाशी काय बोलायचं? तू हायस की. तू सांग."

तेव्हापासून त्यांच्या शेजारची खुर्ची माझी झाली. त्यांनी मान हलवली की मी "चाचा हो म्हणताहेत" असं सांगायची. एकदा मी "चाचा लाजताहेत" म्हटलं, तर पुण्याचे साहेब खो खो हसले. मी नवखी होते, नोकरीत अजून कायम झाले नव्हते. या कामानं मला भारी ऐट आली होती.

मग सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं. शहर वाळूजच्या दिशेनं पसरत होतं, रोज नव्या गच्चीवर नवी टाकी चढत होती, आणि आमच्या प्लेटिंगला सुटे भाग धुवायला पाणी पुरत नव्हतं. एका सोमवारी साहेब फोनवर म्हणाले, "प्लेटिंग बंद करू. तिथली नऊ माणसं कमी होतील. चाचा, तुम्हाला दुसऱ्या खात्यात घेतो. चालेल ना?"

चाचांनी जोरात नकारार्थी मान हलवली. पुन्हा हलवली. मग माझ्याकडे बघितलं.

मला कायम करायच्या कागदावर याच साहेबांची सही व्हायची होती. मी खाली बघत राहिले.

"मग चालेल असंच धरतो," तिकडून आवाज आला आणि फोन बंद झाला.

जिन्यात मी रडायला लागले, तर चाचाच म्हणाले, "रडू नको बेटा. तोंड तर मलाबी होतं."

त्यांनी दुसरं खातं घेतलं नाही. "माझी माणसं भाईर, अन् मी आत कसा बसू?" जाताना त्यांनी मला नऊ जणांची नावं आणि नंबर लिहिलेला कागद दिला. "पाणी आलं की ह्यांना बोलावून घे. इसरू नको."

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. फार आठवण येते. माझ्या बोलण्यावर इतका भरवसा पुन्हा कुणी टाकला नाही. नाक्यावर गंगापूरची जीप थांबली की अजूनही मी आत डोकावून बघते.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि खातं उघडलं. तोवर मी कायम झाले होते. त्या नऊ जणांसाठी मी साहेबांशी फोनवर कडाकडा भांडले. नऊही जण परत आले. कागदावर चाचांनी स्वतःचं नाव लिहिलंच नव्हतं.

साहेबांनी त्या भांडणाच्या दिवशी विचारलं होतं, "आणखी कुणी राहिलंय का?"

चाचांसमोर उभं राहायची मला लाज वाटत होती. मी "नाही" म्हणाले.