वावर घेणाऱ्याला भाकर नाही

कापसाच्या हंगामात खामगावात नाटक कंपनी उतरली, की सरकी काढायच्या जिनचा भोंगासुद्धा सुरात वाजायचा. खोटं वाटत असेल तर त्या वेळच्या कुणालाही विचारा. सगळे मेलेत, म्हणून मी सुटलो. तेव्हा आमच्या वऱ्हाडाची मालकी हैदराबादची, कारभार नागपूरचा; पण नाटक मात्र आम्हाला पुण्याचंच लागायचं.

त्या वर्षीच्या कंपनीची कीर्ती आठ दिवस आधीच जळंबच्या गाडीनं, बहुतेक बिनतिकिटाची, गावात येऊन बसली होती. कंपनीचा आचारी मात्र वाटेतच पळाला. मग गावातल्या घरांनी एकेक नट जेवायला वाटून घेतला. आमच्या वाट्याला आला खलनायक. स्टेजवर तो डरकाळी फोडायचा तेव्हा टिनाच्या मांडवाचे खिळे ढिले व्हायचे. खाली उतरला की असा काटकुळा, की आमच्या दाराच्या फटीतून आत आला असता. बोलणं तर इतकं मऊ, की दोनदा विचारावं लागे.

आमचं घर माझी विधवा आत्या चालवायची. तिनं त्याला पाहिलं आणि म्हणाली, "काहो, पुण्याकडे औंदा पीक बुडालं का?"

मग तिनं त्याला चारायला घेतलं. ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी, वांग्याचं भरीत, आणि परातीएवढाल्या भाकरी. पाच दिवसांत गड्याच्या गालावर इतकं मांस चढलं, की कंपनीच्या शिंप्यानं कपाळावर हात मारला.

रविवारी दुपारच्या खेळाला मी आत्याला नेलं. तिनं जन्मात नाटक पाहिलं नव्हतं. ती बायांच्या बाजूला पुढेच बसली. तिसऱ्या अंकात आमचा खलनायक विधवा भावजयीला घराबाहेर काढतो. त्यानं हात उगारला आणि गरजला, "आजपासून या घरातला तुझा वावर संपला!"

आता पुण्यात वावर म्हणजे घरातलं हिंडणं-फिरणं. आमच्याकडे वावर म्हणजे शेत.

मांडवात अशी शांतता पसरली, की कापसाचं बोंड उकललेलं ऐकू यावं. मग आत्या उभी राहिली.

"तिचं वावर काऊन घेतं बे, मुडद्या!"

आत्याचा नवरा गेला, त्याच वर्षी तिच्या दिरानं तिचं शेत बळकावलं होतं. एक ट्रंक घेऊन ती भावाच्या दारी आली, ती आमच्याकडेच राहिली. त्यावर ती कधी चकार शब्द बोलली नव्हती. त्या दुपारी सगळं बोलली. तिच्यामागे तीनशे बाया उठल्या. भावजय झालेला, मिशी काढलेला नट रडणं विसरून पदर सावरत पहिला पळाला. पडदा पडला.

दुसऱ्या दिवशी खलनायक नेहमीच्या वेळी जेवायला आला. आत्या चुलीपुढून हललीच नाही.

"भाकर नाही."

"आत्याबाई, ते नाटक होतं हो."

"नाटकात घेतलं ना? मंग नाटकातच वापस दे."

मी मध्ये पडलो. "आत्या, तो 'तुझा वावर' म्हणाला. आपलं ते वावर, पुण्याचा तो वावर."

"घेणाऱ्याले काय रे बाबू, तो काय अन् ते काय!"

यापुढे व्याकरण काय करणार? गड्याची मोठी पंचाईत झाली. कंपनीच्या मालकाचा दंडक होता, की लिहिलेल्यातला एक शब्द जरी बदलला, तरी पेटी उचलायची आणि पुढच्या गाडीनं घर गाठायचं. तो फुटाण्यांवर दिवस काढू लागला. तिसऱ्या दिवशी सूचकानं विंगेतून वाक्य पुरवलं, तर त्या श्वासानं हा हलला. मी लपवून दोन भाकरी नेल्या, तर त्यानं हात जोडले. "नको. त्यांनी वाढलं तरच जेवीन. पाच दिवस त्यांनी मला घरचं म्हणून वाढलं आहे."

बाजाराच्या दिवशी पुन्हा दुपारचा खेळ होता. आत्या गेली. "पाहू तरी," म्हणाली. मालक विंगेत वही धरून उभे होते. ते वाक्य आलं. खलनायकानं हात उगारला आणि तो तसाच राहिला. एकदा विंगेकडे पाहिलं, एकदा बायांकडे.

"आजपासून या घरात तुझं येणं-जाणं बंद!" तो म्हणाला. मग आवाज खाली आला. "पण वावर तुझं आहे. ते मी घेणार नाही."

वन्स मोअर असा उठला, की शेगावात लोक दचकले. त्यानं भावजयीला तीनदा घराबाहेर काढलं आणि तिन्ही वेळा वावर दिलं. तिसऱ्यांदा तर विहीर आणि बैलजोडीही दिली. मालकांनी वही मिटली. टाळ्या वाजवणाऱ्या मांडवातून नटाला हाकलायची छाती त्यांना झाली नाही.

खेळ सुटल्यावर तो आमच्याकडे आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. आत्या भाकर थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"माह्या दिरानं असं कधी म्हटलं नाही," ती म्हणाली.

तो त्या मऊ आवाजात म्हणाला, "मी म्हटलं, आत्याबाई."

आत्यानं पाट सरकवला.

"तुमी म्हटलं. बसा, जेवा."