ओनोमिचीच्या पायऱ्या

श्रीनिवास थोरात मूळचा वाळवा तालुक्यातला. सव्वीस वर्षं लंडनच्या हॅरोत राहिला, रोज मेडनहेडच्या हापिसात जाऊन कॉम्प्युटर बडवला, पण रजेचा एक दिवस कधी गावाशिवाय दुसरीकडं खर्ची घातला नाही. जानेवारीत हापिसाचं लीव्ह कॅलेंडर उघडलं की पहिला नंबर ह्याचा. अंगातला कोट अजून ओला, आणि बोटं मोजतायत: चैत्रात बिरोबाची जत्रा, मे महिन्यात कुणाचं तरी लग्न, दिवाळीला आठ दिवस. उसाची कांडी तोडावीत तशी पंचवीस दिवसांची रजा तोडून ठेवायची. त्यात नवं कांडं कुठनं घुसवायचं?

बायको आशा कौन्सिलच्या लायब्ररीत कामाला. तिथं दर गुरुवारी जुने सिनेमे दाखवायचे. एका गुरुवारी ती काळा-पांढरा जपानी सिनेमा बघून आली आणि जेवताना निम्म्यात थांबली.

"ओनोमिची म्हणून बंदर आहे, अहो. डोंगराला घरं चिकटलेली, खाली समुद्र. वरच्या एका देवळाच्या अंगणातनं सगळं दिसतं. जाऊ या एकदा."

"आपल्या बिरोबाच्या टेकावरनं बी नदी दिसती की," श्रीनिवास म्हणाला आणि त्यानं भाकरी मागितली.

पुढं तिनं त्या गावच्या एका बाईनं लिहिलेलं पुस्तक मिळवून वाचलं. सिनेमाची डीव्हीडीही घरी आणली. हा सोबत बसला खरा. दहा मिनिटांनी म्हणाला, "ही माणसं नुसती बसून बोलत्यात. कुणी उठंचना." अकराव्या मिनिटाला घोरायला लागला.

"तिथं टेकडीच्या वाटेवर धोंड्यांवर लेखकांच्या ओळी कोरल्यात," ती सांगायची.

"आमच्यात धोंड्याला शेंदूर फासत्यात," हा म्हणायचा.

पुढच्या साली जाऊ, असं दर साली ठरायचं. मग चुलतभावाच्या पोराचं लग्न निघायचं. कधी देवळाचा कळस, कधी भावकीतली वाटणी. आशाची रजाही त्यातच जायची. गावाकडं चाळीस माणसांच्या चपात्या लाटण्यात. एकदाच तिनं तोंड उघडलं. म्हणाली, "जत्रेला या वेळी तुम्ही एकटे जा. मी माझी रजा जपानला लावते."

"बायकू एकटीच जपानला? भावकी काय म्हणंल?"

तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी गुपचूप काढून ठेवलेलं जपानचं तिकीट रद्द केलं आणि ओट्यावरची भांडी जरा जोरात घासली. श्रीनिवासला तेव्हा वाटलं, मिटलं.

तो रिटायर झाला तोवर आशाच्या दोन्ही गुडघ्यांनी जवाब दिला होता. ऑपरेशनची वाट बघणाऱ्यांच्या यादीत नाव होतं, तारीख नव्हती. लेक तनिषा तिकडंच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं. तिनं एका रविवारी बापाला धरलं. "बाबा, आईची गुडघा रोज जास्त दुखतो. आता नाही गेला तर कधी जाणार?" आणि तिनंच तिकिटं काढली.

एप्रिलात दोघं ओनोमिचीला पोचली. रेल्वेच्या रुळाखालनं वाट जाते आणि तिथनंच पायऱ्या सुरू होतात. दोरावर चालणारी गाडी होती, पण ती दुसऱ्या टेकाडावर नेते. आशाचं देऊळ पायऱ्यांनीच गाठायचं. कठडा धरून ती काही पायऱ्या चढली, मग खालच्या ओठावर दात रोवून तिथंच बसली.

"पाठीवर घेतो, चल."

"तुमची पाठ धरली तर दोघांना उचलायला कोण येणार? तुम्ही जा. वरनं व्हिडिओ लावा."

श्रीनिवास वर गेला. अंगणात उभा राहून फोन लावला.

"डावीकडं दगडी दिवा असेल बघा," आशाचा आवाज आला.

दिवे तीन-चार होते. "ह्यातला कुठला गं?"

"सिनेमात आहे तो. त्याच्यामागं समुद्र दिसतो."

आता आली का पंचाईत. ह्यानं दिसेल ते दाखवत सुटायला सुरुवात केली. छप्पर दाखवलं, कबुतरं दाखवली, शेजारच्या घराची वाळत घातलेली चड्डी-बनियन दाखवली. कांद्याच्या वाफ्यातलं तण काढणारी एक म्हातारीही दाखवली. बाजाराला धाडलेल्या माणसानं काय आणायचं तेच विसरावं, तसा तो अंगणभर फिरला.

"तो नाही... तोही नाही," आशा म्हणत राहिली. मग म्हणाली, "राहू द्या. दिसलं सगळं. या खाली."

खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. श्रीनिवासनं फोन खिशात घातला. समोर खाडी होती, बोटी होत्या, आणि काय बघायचं ते सांगणारी बाई खाली पायरीवर बसलेली.

तो खाली आला. धक्क्यावरनं समोरच्या बेटाला बोट जात होती. तिला पायऱ्या नव्हत्या, म्हणून दोघं चढली. आशा डोंगराकडं तोंड करून बसली. बोट हलली तशी ती पुढं झुकली.

"ते बघा. त्या झाडांच्या वर, डावीकडं. तेच आपलं देऊळ."

श्रीनिवासनं मान हलवली.

"कुठलं बघताय?"

त्यानं डोंगरावरनं नजर फिरवली. छपरावर छपरं, सगळी सारखीच. "मला न्हाई कळत," तो म्हणाला. "मी तो पिच्चर बघितलाच न्हाई, आशा."

"माहीत आहे मला."

त्याला अजून काहीतरी बोलायचं होतं. आशानं हात वर करून त्याला थांबवलं. बोट पाच मिनिटांत पलीकडं लागते, आणि तेवढ्यात तिला डोंगर बघून घ्यायचा होता.