वटवाघूळ आलं की लाइट घालवायची

आमच्या घरात वटवाघळं यायची ती केळ्यांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण शेजारच्या वहिनींनी त्याचा संबंध घराच्या नशिबाशी जोडला होता. वटवाघूळ शिरलं की घर ओस पडतं म्हणे. मी त्यांना म्हटलं होतं, "वहिनी, माझ्या बापाने धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी शकुन-अपशकुन दाराबाहेर ठेवले. ते अजून आत आलेले नाहीत. वटवाघूळ येतं ते भूक लागते म्हणून." पण घर ओस पडायचं ते पडलंच. आता त्या दारावरून जातात तेव्हा मान दुसरीकडे करतात. त्यांना वाटतं, मला वाईट वाटेल.

माझी केळ्यांची हातगाडी होती. बुधवार पेठेत, पुस्तकांच्या दुकानांच्या तोंडाशी. पहाटे मार्केट यार्डातून माल उचलायचा आणि दिवसभर पोरापोरींना विकायचा. पुस्तकं घ्यायला आलेली पोरं जेवणाचे पैसे पुस्तकात घालतात आणि केळी खाऊन परत जातात. त्यांच्यावर माझं घर चाललं. घर मार्केट यार्डाच्या मागच्या वस्तीत, दोन खोल्या, वर पत्रा. उरलेली केळी घरी आणून पुढच्या खोलीत टांगायचो. केळं खाली ठेवलं की टेकलेल्या बाजूने काळं पडतं, म्हणून वाशांना आकडे मारून घेतले होते. पिकत्या मालाला हवा लागते, म्हणून दारावरच्या झरोक्याला काच बसवली नव्हती. त्याच झरोक्यातून दिवेलागणीला एखादं वटवाघूळ आत यायचं. मुठीएवढं, तपकिरी, तोंड कुत्र्याच्या पिलासारखं. केळ्याचा लचका तोडायचं, आणि मग त्याला बाहेरची वाट सापडायची नाही. खोलीभर गरागरा फिरायचं.

मग आमचं दोघांचं भांडण. मी झाडू घेऊन उठायचो. बायको बसल्या जागेवरून म्हणायची, "अहो, बसा खाली. लाइट घालवा." तिची रीत वेगळी होती. घरातली लाइट घालवायची, दार सताड उघडायचं आणि भिंतीला टेकून गप्प बसायचं. बाहेरच्या खांबावरचा उजेड दारातून दिसतो, मग ते आपलं आपण जातं. "ते आधीच भ्यालेलं असतं, त्यात तुम्ही," असं ती म्हणायची. मी झाडू आपटत असलो की तिचं बोलणं मला ऐकू जायचं नाही. मग ती लांबूनच हात वर करायची आणि अंगठा हवेत खाली दाबायची, बटण दाबल्यासारखा. आमच्या बोर्डाची बटणं जुनी, काळी, घट्ट. ती अंगठ्यानेच दाबावी लागतात.

शेवटी मी लाइट घालवायचो. मुलगी तेव्हा लहान होती. ती आईच्या पदरात डोकं खुपसून बसायची. अंधारात तोंडावरून वारा गेला की समजायचं, वटवाघूळ खाली आलं. मग एकदम शांत व्हायचं. बायको म्हणायची, "गेलं." मी म्हणायचो, झाडूला घाबरून गेलं. ती हसायची. एवढी वर्षं हेच चाललं, आणि कोणी कोणाचं ऐकलं नाही.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी बायको ओट्याशी पडली. लकवा. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, त्यांना किती समजतंय ते सांगता येणार नाही, तुम्ही बोलत राहा. मी बोलत राहिलो. मी मुळात बोलका नाही. गाडीवर भाव सांगायचो तेवढंच माझं बोलणं. तिला आज कुठल्या गाळ्यावर कसला माल आला ते सांगायचो, ते संपलं की कालचंच परत सांगायचो. ती पत्र्याकडे बघत असायची. डोळ्यांत ओळख नाही, राग नाही, काही नाही. माणसाने रागावावं तरी.

गाडी बंद केली. गाडीवरची मोठी छत्री घरी आणली आणि टोकाला दोरी बांधून रिकाम्या आकड्याला टांगली. खाली ठेवली असती तर उंदरांनी कुरतडली असती. पुन्हा गाडी लावायची आहे असं मी सगळ्यांना सांगत होतो.

मुलगी हिंजवडीला राहते. तिथेच कंपनीत आहे, जावईही तिथेच. दर शनिवारी दोन बस बदलून यायची. आईचं डोकं धुवायची, चादर बदलायची. मी आठवडाभर जे करायचो ते ती येऊन नीट करायची, हे मला दिसत होतं. एका शनिवारी तिने आईला कुशीवर वळवलं आणि तशीच थांबली. पाठीला जखम झाली होती. मला दिसली नव्हती.

त्यानंतर तिने तिकडे वाकडच्या बाजूला एक सेंटर बघितलं. रात्रंदिवस नर्स असतात, कुशी बदलतात, सगळं करतात. हे ती आईच्या पलंगाशी बसूनच मला सांगत होती. मी म्हटलं, हळू बोल, ती ऐकतेय. मुलगी म्हणाली, "बाबा, आपण कोण आहोत तेसुद्धा तिला कळत नाहीये. ॲक्सेप्ट करा ना."

"ती माझी बायको आहे. यार्डातला माल नाही, या गाळ्यातून त्या गाळ्यात टाकायला."

"टोमण्यांनी जखम भरत नाही, बाबा."

मी सरळ म्हटलं, जोवर तिला कळतंय तोवर ती या घरातून हलणार नाही. मुलगी दमलेल्या आवाजात म्हणाली की कळतंय असं एकदा दिसलं, तर तीच हा विषय काढणार नाही. महिनाअखेरीला सेंटरची गाडी बोलवायची ठरली. पलंगावरची पत्र्याकडे बघत होती.

त्याच आठवड्यात ते झालं. तिला केळं कुस्करून भरवायचो, म्हणून फणी आणली होती आणि हात सवयीने आकड्याकडे गेला. दिवेलागणीला वटवाघूळ आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं. मी झाडू उचलला, दोनदा फिरवला, आणि ते पलंगावर तर जात नाही ना म्हणून वळून बघितलं. तिचा डावा हात चादरीवरून वर आला होता. फार नाही, वीतभर. आणि अंगठा खाली दाबत होता. थांबून पुन्हा.

झाडू हातातच राहिला. मग लाइट घालवली, दार उघडलं आणि तिच्या पायाशी बसलो. वटवाघूळ गेलं ते मला कळलंही नाही. मी अंधारात तिला म्हणत होतो, घालवली गं, घालवली.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय की हात आपोआपही हलतो, जुनी सवय हाताला राहते. तिचा आवाज मऊ होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी म्हटलं, शनिवारी ये, डोळ्यांनी बघ.

शनिवारसाठी मी तयारी केली. सगळ्यात पिकलेली फणी आणून पलंगाच्या वरच्याच आकड्याला लावली. म्हणजे पलंगावरून बायकोला नीट दिसेल. आठवडाभर वटवाघळं येत होती आणि मी त्यांना काही करत नव्हतो. रोज लाइट घालवायचो. ती कधी हात उचलायची, कधी नाही. शनिवारी मुलगी आली ती दुपारी, उन्हात. तिला वटवाघूळ दिसलं नाही. तिला दिसली आईच्या पांघरुणावर पडलेली चघळलेली केळी, उशीशेजारी काळे डाग, आणि उघडा झरोका.

ती ओरडली नाही. पांघरूण गोळा करून मोरीत टाकलं, आईचं अंग पुसलं, जखमेचं बँडेज बदललं आणि मग म्हणाली, "बाबा, तिच्या अंगावर घाण पडत होती आणि तुम्ही बघत बसला होतात."

मी सांगितलं कशासाठी. तिने ऐकून घेतलं. तिची चूक नव्हती. मीही तेच केलं असतं.

रविवारी सकाळी तिने जाळीवाला बोलावला. त्याने झरोक्याला बारीक जाळी ठोकली. मी खुर्चीत बसून होतो, त्याला पाणीही विचारलं नाही. त्याने जाताना विचारलं, ठीक आहे ना काका? म्हटलं, छान. तुरुंग बांधता का तुम्ही? तो हसला आणि गेला. मुलीने सगळी केळी उचलून वस्तीतल्या पोरांना वाटली. महिनाअखेरीची तिने वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी सांगितली.

संध्याकाळी ती आईची लुगडी पिशवीत भरत होती. सेंटरमध्ये गाऊन लागतात, पण तिने लुगडी भरली. लाइट लावली होती. मी समोर बसून होतो आणि भांडायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. तेवढ्यात आकड्याला टांगलेल्या छत्रीचं कापड हललं. मला वाटलं, उंदीर पोचला शेवटी. छत्रीच्या घडीतून वटवाघूळ बाहेर पडलं. दिवसा तिथेच लटकून झोपलं होतं, आणि जाळी ठोकल्यामुळे आत अडकलं होतं. झरोक्याकडे गेलं, जाळीवर आपटलं, आणि खोलीभर फिरायला लागलं.

मुलगी पिशवी टाकून आईच्या अंगावर वाकली. तिने आईचं तोंड आपल्या ओढणीने झाकलं. "बाबा, झाडू घ्या."

मी उठलो नाही.

"बाबा, झाडू."

"आईचा हात बघ," मी म्हटलं.

हात बघायची गरज नव्हती. तो मुलीच्या खांद्यावर आला होता. आईचा अंगठा तिच्या खांद्यात रुतत होता. दाबायचा, सैल पडायचा, पुन्हा दाबायचा. मुलीने मान उचलली. आधी खांद्याकडे बघितलं, मग आईकडे. वटवाघूळ तिच्या केसांना वारा घालून गेलं, तरी ती हलली नाही. लहानपणी पदरातून बाहेर बघताना तिचं तोंड जसं व्हायचं, तसं झालं होतं.

मग ती उठली. बोर्डापाशी गेली आणि अंगठ्याने बटण दाबलं. चाचपडत दार उघडलं आणि येऊन जमिनीवर बसली, पलंगाला पाठ लावून. आम्ही तिघं अंधारात बसलो. खांबावरचा उजेड उंबऱ्यावर पडला होता. दोन वेळा तोंडावरून वारा गेला. मग उजेडात काहीतरी हललं आणि शांत झालं.

"आई," मुलीने अंधारात विचारलं, "गेलं. लाइट लावू?"

पलंगावरून आवाज आला, "हं."

तो श्वास होता की शब्द, यावर कोणाला वाद घालायचा असेल तर घालावा. मी घालणार नाही. मुलीने बराच वेळ लाइट लावली नाही. ती रडत होती, आणि तिला वाटत होतं मला कळत नाहीये.

गाडी आली नाही. मुलीने कंपनीला सांगून घरून काम घेतलं आणि मागच्या खोलीत लॅपटॉप मांडला. सकाळ-दुपार इंग्रजीत बोलायची, आणि मध्ये उठून आईशी मराठीत. हे करू का, ते करू का, असं विचारायची, आणि अंगठ्याकडे बघायची. अंगठा कधी हलायचा, बहुतेक वेळा नाही. वेणी कशी घालू हेसुद्धा तिने विचारलेलं मी ऐकलं आहे. कोणी आईसमोर ती नसल्यासारखं बोललं की मुलगी त्यांना दारापर्यंत पोचवून यायची. जखम भरली. पण बाकीचं काही भरत नव्हतं. थंडी संपता संपता बायको गेली, घरीच, दुपारी. मुलगी तिची कूस बदलत होती. वस्तीतली माणसं आली, वंदना झाली, आणि संध्याकाळी खोली फार मोठी दिसायला लागली.

मुलगी म्हणते, हिंजवडीला चला. दहावा मजला आहे, लिफ्ट आहे. मी म्हणतो, बघू. तिला माहीत आहे, माझं बघू म्हणजे नाही. ती शनिवारी येते. छत्री अजून आकड्यालाच आहे. हातगाडी मात्र मी विकून टाकली.

गेल्या आठवड्यात मी पक्कड घेऊन स्टुलावर चढलो आणि झरोक्याची जाळी उपटून काढली. या वयात स्टुलावर चढलो म्हणून मुलगी ओरडेल, जाळीबद्दल वेगळी ओरडेल. बाजारातून एक फणी आणली आणि पलंगाच्या वरच्या आकड्याला टांगली. पलंग रिकामा आहे, त्यामुळे घाण पडली तरी कोणाचं काही जात नाही.

अजून एकही वटवाघूळ आलेलं नाही. जाळीवर आपटून आपटून त्यांनी ही वाट सोडली असेल. फणी काळी पडली की दुसरी लावतो. झाडू मागच्या खोलीत ठेवला आहे. दिवेलागण झाली की लाइट लावतो आणि बोर्डाजवळच्या खुर्चीत बसतो. म्हणजे घालवायला उठावं लागणार नाही.