अक्काताईंची तारेची चौकट

"माझ्या नावाची करवतीनं दोन शकलं केलीस, आणि वर मलाच इचारतीस काय झालं म्हणून?" आप्पासोंचा आवाज आज पुन्हा गच्चीवरून खालच्या गल्लीत पोचला.

"दुकान बंद पडून किती वर्सं झाली? फळी दारामागं उभी हुती. वाळवी खायच्या आधी कामाला आणली," अक्काताई म्हणाल्या.

ती फळी म्हणजे शाहूपुरीतल्या दुकानाची पाटी. वर अक्काताईंच्या नवऱ्याचं, आप्पासोंचं नाव, खाली 'पाण्याच्या मोटारी भरून मिळतील'. अक्काताईंनी ती उभी चिरली, दोन पट्ट्या फुलीसारख्या ठोकल्या, टोकांना खाचा पाडल्या आणि त्यांवरून तांब्याची तार गुंडाळली. छातीएवढी चौकट झाली, मोठ्या पतंगासारखी. रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून ती गच्चीवर उभी केली, फिरवता येईल अशी. शेजारी स्टुलावर ट्रान्झिस्टर. हे सगळं कशासाठी, तर लांबच्या धारवाड आकाशवाणीचा आवाज पकडून ऐकण्यासाठी.

"धारवाड!" आप्पासो म्हणाले. "जलमभर माझ्या घरात खाल्लंस, अजून तुझी कानडी सुटंना."

दीपा, त्यांची सून, पार्लरचे टॉवेल काढायला वर आली. पुढच्या खोलीत तिचं पार्लर आहे. "आत्ती, ह्या तारंत माझा टॉवेल अडकून फाटला. गच्ची काय तुमच्या एकटीची हाय?"

"टॉवेल तिकडच्या दोरीला घाल म्हणून सांगितलं हुतं."

"तिकडं ऊन न्हाय येत."

मागोमाग मुलगा, अनेकांत, आला. शिरोलीच्या फौंड्रीतली पहिली पाळी करून तो नुकताच घरी पोचला होता. "आई, मोबाईलवर धारवाड लागतंय की. कशाला हा तमाशा?"

"मोबाईल तुझा. मागितला की तुझी बायको घड्याळ बघती. मग म्हणती, आवाज बारीक करा. रेडिओ माझा हाय."

अक्काताईंचं माहेर निपाणीच्या पलीकडं. तिथं घरात कानडीच. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूनं बजावलं होतं, आमच्यात असली बडबड चालायची न्हाय. मग कानडी उरली ती बहिणीपुरती, आधी पत्रांत, पुढं फोनवर. बहीण गेली. त्यानंतर अक्काताईंशी कानडीत बोलणारं कुणी राहिलं नाही. एकदा दिवस मावळताना ट्रान्झिस्टरचा काटा फिरवताना खरखरीत बुडालेला एक बाईचा आवाज लागला. ती पावसाचा अंदाज सांगत होती. अक्काताई उभ्याच राहिल्या. चुलीवरची भाकरी करपली म्हणून त्या दिवशीही भांडण झालं होतं.

तार गुंडाळणं त्यांना शिकायला लागलं नाही. घराच्या मागच्या खोलीत बसून दुकानाच्या निम्म्या मोटारी, जळालेली तार काढून नवी गुंडाळून, त्यांनीच भरल्या होत्या. गिऱ्हाइकं म्हणायची, आप्पांचा हात साफ हाय. आप्पा मान डोलवायचे.

पण त्याच सवयीनं पहिली चौकट फसली. मोटारीत वेढे एकमेकांवर घट्ट दाबून बसवतात, दोऱ्यानं आवळतात, वर वॉर्निश मारतात. अक्काताईंनी इथंही तेच केलं. आप्पासो खुर्ची टाकून सगळं बघत होते. चूक त्यांना पहिल्या दिवशीच कळली होती. वॉर्निश वाळेपर्यंत ते गप्प बसले. रेडिओ मुका राहिला तेव्हा म्हणाले, "मोटार भरलीस व्हय? आता हिरीत सोड, पाणी काढ." हे त्यांनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन चारचौघांना सांगितलं, आणि ते हसले हेही घरी येऊन सांगितलं.

अक्काताईंनी ती सगळी तार ब्लेडनं कापून टाकली. नवी तार घेऊन वेढे सुटे, शेजारी शेजारी, मध्ये काडीएवढी फट ठेवून घेतले. जुन्या रेडिओतला गँग, म्हणजे स्टेशन जुळवायचा भाग, जोडला. चौकटीची कड धारवाडकडं केली की आवाज चढायचा, सपाट तोंड तिकडं केलं की मरायचा.

एकच अडचण राहिली. गच्चीवरून पार्लरचे दिवे आणि धारवाड एकाच रेषेत. बाई बोलायला लागली की तिच्याबरोबर दिव्यांची खरखरही यायची. चौकट फिरवून खरखर मारावी तर बाईही जायची. आप्पासो बस्तीत गेले असताना अक्काताईंनी चौकट मागच्या खोलीत नेऊन पाहिली. तिथं कड धारवाडकडं केली की दिवे चौकटीच्या तोंडासमोर येत होते आणि तोंडासमोरचं ती काही घेत नव्हती. बाई शेजारी बसल्यासारखी बोलली.

"मला गच्ची नगोच," अक्काताई आता म्हणाल्या. "मागची खोली द्या. चौकट तिथं ठेवते."

"ती माझी झोपायची खोली हाय."

"दुपारची झोप कुठंबी येती. त्या खोलीत तुमच्या खाटंबिगर हाय काय?"

"माझ्या घरात मी कुठं झोपायचं ते तू सांगणार?"

आप्पासोंनी अनेकांतच्या अवजारांच्या डब्यातून पक्कड काढली. चौकटीची एक बाजू धरून सगळे वेढे एका दमात कापले. तुटलेली टोकं झाडूच्या काड्यांसारखी पसरली. दीपानं टॉवेल छातीशी धरले. अनेकांत म्हणाला, "आप्पा, जाऊ द्या की," पण ते कापून झाल्यावर.

"झालं धारवाड," आप्पासो म्हणाले. "चला, जेवण वाढ. दिवस बुडायला आलाय."

त्या घरात सूर्य मावळल्यावर ताट लागत नाही. धारवाड स्पष्ट यायला लागतं तीही हीच वेळ. अक्काताईंनी तुटलेली तार गोळा केली, चौकट उचलली आणि खाली गेल्या. मागच्या खोलीतून काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. मग ताटं मांडली गेली. आप्पासोंनी दोन घास खाल्ले आणि आमटीला मीठ नाही म्हणाले. कुणी मीठ आणायला उठलं नाही.

"उद्यापास्नं संध्याकाळचा स्वयंपाक मी करणार न्हाय," अक्काताई म्हणाल्या. "सकाळचा करीन. संध्याकाळी कुणी करायचा ते तुमी ठरवा. ह्यांची खाट बाहेर सोप्यात आणून ठेवलीया. तार मी परत गुंडाळणार हाय. मागच्या खोलीत दिवस बुडताना मी आन माझा रेडिओ असणार, आणि दार आतनं लावलेलं असंल."