डुक्कर घेऊन वसुलीला

हापोसान या नावाचा आमच्या भाषेत अर्थ होतो भरवशाचा माणूस. पोर जन्मल्याबरोबर नाव ठेवायची घाई आईबापांना नडते, ती अशी. तळ्याकाठच्या बालिगे गावातल्या तालुका कचेरीत तीस वर्षं दाखल्यांवर शिक्के मारून हा भरवशाचा माणूस निवृत्त झाला, आणि शिक्का मारायला आता काहीच उरलं नाही म्हणून दोन महिने आजारी पडला. मग घराण्याच्या पतपेढीचं अध्यक्षपद रिकामं झालं आणि तो खडखडीत बरा झाला.

पतपेढीचं नाव ‘दोस नि रोहा’, म्हणजे एकमताने. एकाच खापरपणज्याची लेकरं आणि लेकींच्या घरचे, असे साठेक उंबरे तिचे सभासद. बाहेरच्याला प्रवेश नाही. कचेरी म्हणजे हापोसानच्या पडवीतलं एक लोखंडी कपाट, एक टेबल आणि दारावरची पाटी. पाटीवर पतपेढीच्या नावापेक्षा अध्यक्षाचं नाव मोठं होतं. रंगाऱ्याची चूक आहे असं तो सांगे. ती दुरुस्त करून घ्यायला मात्र त्याला बारा वर्षांत वेळ झाला नाही. हा माणूस मासळी आणायलासुद्धा टाय लावून बाजारात जाई.

वसुलीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. अर्थात लेकीकडच्यांच्या वसुलीत. आमच्या बत्ताक लोकांत रीत अशी, की बायको ज्या घरातून आणली ते घर देवाच्या ठिकाणी, आणि लेक ज्या घरात दिली ते घर राबायला. कार्य कुणाचंही असो, चुलीपुढे धूर खाणार ते लेकीकडचेच. दुसऱ्या मुलखात जावई रुसतो आणि सासरा त्याची मनधरणी करतो म्हणे. आमच्याकडे जावयाची ती टाप नाही. तेव्हा हापोसानची सगळी मर्दुमकी चुलत्याच्या जावयांवर आणि आत्याच्या नातवांवर चाले. कांद्याचं पीक गेलेल्या एकाचे कोंबडे त्याने हप्त्यात उचलून आणले होते. सख्खी धाकटी बहीण सोंदांग हिचा नवरा वारला, तेव्हा मयतीचं जेवण उरकलं त्याच आठवड्यात तो टाय लावून तिच्या दारात उभा राहिला. म्हणाला, “दुःख दुःखाच्या जागी, अगं, पण व्याज थांबत नाही ना.” त्या बाईने शेवटचा रुपिया फेडला आणि त्यानंतर कर्ज म्हणून कधी हात पसरला नाही. बाजारात केळ्याची भजी तळून जे उरे ते ती दर शनिवारी पतपेढीत ठेवत गेली. थोरली लेक तिआर्मा नर्सिंगला होती, तिच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी.

आता याच शूर वसुलीदाराची दुसरी बाजू ऐका. अध्यक्ष झाल्याच्या पहिल्याच वर्षी त्याने एक ठराव मांडला: सासरवाडीची माणसं घराण्यातली नसली तरी त्यांना मानद सभासद करावं, आणि त्यांच्याकडे जामीन मागू नये. “ज्यांच्या आशीर्वादाने आपल्या घरात पोरं खेळतात, त्यांना जामीन मागायचा? लाज आहे का काही?” असं तो गहिवरून म्हणाला. सगळ्या संचालकांना सासरवाड्या होत्या, आणि सगळ्यांनाच घरी बायका होत्या. ठराव एकमताने पास झाला. महिन्याभरात हापोसानचा मेव्हणा बोनार याने मिनीबससाठी नऊ कोटी रुपिया उचलले. आमच्याकडचे कोटी ऐकून दिपून जायचं कारण नाही, पण तेवढ्या पैशात इथे एक बरं घर उभं राहतं. बस दीड वर्ष धावली. आता ती बोनारच्या परसात उभी आहे आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. हप्ता एकही आला नाही. मागायचा कुणी? सासरवाडीला पैसे मागणं म्हणजे देवळात जाऊन देवाला जुना हिशोब विचारणं.

आणि अध्यक्षांचे स्वतःचे पैसे? ते ‘दोस नि रोहा’त नव्हते, एवढा मूर्ख तो नव्हता. ते होते स्वयंपाकघरात, तांदळाच्या पिंपाच्या तळाशी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. त्यातून त्याला तळ्याकाठच्या टेकडीवर स्वतःचं थडगं बांधायचं होतं, गुलाबी फरश्यांचं, वर मनोरा असलेलं. फरशीचा नमुना तो खिशात घेऊन हिंडे. ही गोष्ट त्याला आणि त्याच्या बायकोला, रोतुआला, एवढीच ठाऊक होती.

डिसेंबरच्या सुरुवातीला सोंदांग पडवीत आली. तिच्या अंगाला तेलाचा वास होता.

“दादा, माझी ठेव काढायची आहे. सगळी. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात फी भरली नाही तर तिआर्माचं नाव कमी करणार आहेत.”

“सगळी?” हापोसानने चष्मा पुसला. “अगं, सगळी कशाला? वर्षाअखेरीला मोठी रक्कम काढली की पतपेढीचं मन खचतं.”

“पतपेढीला मन असतं का, दादा? ऐंशी लाख आहेत माझे. शनिवारी शनिवारी आणून ठेवलेले.”

“मिळतील ना! मी बसलोय ना इथे!”

तो बसला होता हे खरं, पण कपाटात उंदराला कुरतडायलासुद्धा नोट नव्हती. डिसेंबरचे हप्ते जमले तर तिचं कसंबसं भागलं असतं, मग इतरांना जानेवारीत काय द्यायचं हा प्रश्न. सोंदांग गेल्यावर त्याला काळजी लागली. भाचीच्या फीची नव्हे. नाताळानंतर वार्षिक सभा होती, आणि सभेत ही बाई तोंड उघडेल याची.

तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तो सासरवाडीला वसुलीला निघाला. रिकाम्या हाताने, कारण रीतीला लागणारा खर्च वाचवावा असं त्याच्या मनात होतं. बोनार घरी नव्हता. ओट्यावर त्याची बायको लामरिया मिरच्या निवडत बसली होती. आता पंचाईत अशी, की बायकोच्या भावाच्या बायकोशी आमच्यात पुरुषाने बोलायचं नसतं. मध्ये कुणी तिसरा लागतो. तिसरं कोणी नव्हतं, एक लूत भरलेलं कुत्रं सोडून. अध्यक्षांनी टाय सारखा केला आणि कुत्र्याकडे तोंड केलं.

“काय रे, घरधनी कुठे गेलेत? जरा विचारून सांग.”

लामरियाने मान वर केली नाही. “कुत्र्या, पाहुण्यांना सांग, मेदानला गेलेत. परवा येतील.”

“बरं, मग एवढंही विचार, गाडीच्या हप्त्याचं काही...”

“कुत्र्या, पाहुण्यांना सांग, सासरवाडीला हात हलवत आलेल्या माणसाशी या घरात कुणी बोलत नाही. तूसुद्धा बोलू नकोस.”

कुत्र्याने आज्ञा पाळली. हापोसान घामाघूम होऊन परतला. वाटेत त्याला वाटलं, चूक आपलीच झाली. मागायचं तर रीतीनं मागायला हवं. सासरवाडीला जायचं म्हणजे शिजवलेलं डुक्कर घेऊन जायचं, तरच तोंड उघडता येतं. मग या शहाण्याने काय करावं? डिसेंबरच्या जमलेल्या हप्त्यांतून डुक्कर घेतलं. खर्च पतपेढीच्या खात्यावर, ‘वसुली खर्च’ म्हणून. ते शिजवायला आणि वाहून न्यायला त्याने लेकीकडच्या चार जणांना बोलावलं, आणि त्यात सोंदांगही होती. स्वतःच्या ठेवीतून विकत घेतलेलं डुक्कर त्या बाईने स्वतःच्या हाताने, आमच्या पद्धतीप्रमाणे त्याच्याच रक्तात, शिजवलं, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बोनार या वेळी घरी होता. त्याने मुंडकं आणि शेपटीकडचा भाग मानाने स्वीकारला, भरपूर जेवला, ताडी प्यायला आणि डोळे पुसले.

“लाए,” तो म्हणाला; मेव्हण्याला मेव्हणा आमच्यात असाच हाक मारतो. “तू असा रीतीनं आलास, माझ्या मेलेल्या बापाचा आत्मा थंड झाला. बोल, काय म्हणत होतास?”

“ते गाडीचं, लाए... तुम्हाला सवडीनं जमलं तर...”

“बरी आठवण काढलीस! गाडीला नुसते टायर हवेत बघ. टायर घातले की धावलीच. धावली की हप्ते. टायरपुरते दे, एका वर्षात सगळं फेडतो.”

मग बोनारने मसाल्यात मुरवलेला मासा त्याच्यापुढे ठेवला, त्याच्या खांद्यावर उलोस पांघरला, ते आमचं आशीर्वादाचं हातमागाचं वस्त्र, आणि दीर्घायुष्याचा, संततीचा, भाताच्या भरल्या कोठारांचा असा लांबलचक आशीर्वाद दिला. खांद्यावर उलोस पडल्यावर नाही म्हणणारा जावई अजून जन्मायचा आहे. हापोसानने तिथेच टायरचं कर्ज मंजूर केलं. उरलेले हप्ते त्यात गेले.

लाज वाटावी की नाही? त्याला वाटली नाही. उलट परतताना तो खुशीत होता, कारण तो एक युक्ती शिकून आला होता. नाही न म्हणता नाही कसं म्हणावं, ही.

दुसऱ्या दिवशी त्याने सोंदांगला निरोप धाडला: मी तुझा थोरला भाऊ, तुझ्या घराला मी सासरवाडीच्या ठिकाणी आहे. काही मागायचं तर असं पडवीत उभ्या-उभ्या मागत नाहीत. रीतीनं ये.

ती रीतीने आली. शेजारणीकडून उसने घेऊन तिने लहानसं डुक्कर आणलं होतं. तिआर्मा भाताची टोपली डोक्यावर घेऊन मागे होती. हापोसान पोटभर जेवला. मग त्याने मासा पुढे केला, सोंदांगच्या खांद्यावर उलोस पांघरला, आणि बोनारचाच आशीर्वाद शब्दशः म्हटला. पाठांतर त्याचं कचेरीपासून चांगलं होतं.

तो थांबल्यावर सोंदांगने वाट पाहिली. “आणि पैसे, दादा?”

“अगं, आशीर्वाद दिला ना! पैसा येतो-जातो. आशीर्वाद राहतो.”

“मामा,” तिआर्मा म्हणाली, “कॉलेजच्या खिडकीवर आशीर्वाद घेतात का? मी विचारून येते.”

“जीभ बघा पोरीची! हीच पुढे सुया टोचणार का लोकांना?” हापोसान हसला. सोंदांग हसली नाही. तिने उलोसची नीट घडी घातली आणि ती लेकीला घेऊन निघून गेली.

वार्षिक सभा त्याच्याच अंगणात भरली. मांडवात संचालक टाय लावून बसले होते, मानाच्या खुर्चीवर बोनार, आणि मागे धुरात लेकीकडच्या बाया साठ घरांचं जेवण रांधत होत्या. हापोसानने अहवाल वाचला. थकबाकीदारांची नावं नेहमीप्रमाणे प्रत्येक नावामागे थांबत थांबत वाचली. बोनारचं नाव अर्थातच त्यात नव्हतं. ‘वसुली खर्च’ या ओळीवर त्याने घसा खाकरला आणि पान उलटलं.

“कसली वसुली, दादा?” सोंदांग चुलीपासून उठून आली होती. हाताला हळद होती. “किती वसूल झाले?”

“हे विचारायची ही वेळ नव्हे. चुलीकडे बघ, भात करपेल.”

“भात करपणार नाही. मी तो रोज करते.” तिने काखेतून घडी काढली आणि टेबलावर ठेवली. तोच उलोस. “हा परत घे. माझे पैसे दे.”

भावाने पांघरलेला उलोस परत करणारी बहीण आम्ही कुणी पाहिली नव्हती. याचा अर्थ मेलेल्या माणसालाही कळला असता: तुझा आशीर्वाद मला नको, माझ्या लेकींच्या लग्नात मामा म्हणून तू बसू नकोस. कपाट रिकामं आहे हे हापोसानला सोसलं असतं. सासरवाडीच्या देखत उलोस परत आला, हे नाही.

“उचल तो,” तो पुटपुटला. “सोंदांग, उचल. लोक बघतायत.”

“बघू देत.”

तेव्हा त्याची बायको रोतुआ उठली. इतकी वर्षं तिला कोणी कशाबद्दल काही विचारलं नव्हतं. त्या दिवशीही नाही. ती आत गेली, पिंपाचं झाकण वाजलं, आणि ती प्लॅस्टिकचं पुडकं घेऊन आली. त्याला तांदूळ चिकटले होते. तिने ते सगळ्यांसमोर उघडलं. अध्यक्ष आपले पैसे कुठे ठेवतात, हे साठ घरांनी एकदम पाहिलं. कोणीतरी मागून हसलं. बोनारने ताडीच्या पेल्यात डोकं घातलं.

सोंदांगने ऐंशी लाख मोजून घेतले, एक नोट जास्त नाही. बाकीचं पुडकं तिने रोतुआच्या हातात परत दिलं.

“झालं ना आता?” हापोसान म्हणाला. “घे आता हा उलोस. घे ना गं.”

“राहू दे तुझ्या कपाटात,” सोंदांग म्हणाली. “तारण म्हणून.”

पैसे तिने तिआर्माच्या हातात दिले, हात धुतले, आणि ती परत चुलीपुढे जाऊन बसली, कारण साठ घरं जेवायची होती आणि ते काम दुसरं कोणी करणार नव्हतं. थोड्या वेळाने पानं वाढली गेली. भावाच्या मानाचा वाटा तिने स्वतः आणून त्याच्यापुढे ठेवला. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस उठून आत जाईल.

तो जेवला. भात दोनदा घेतला.