जावई रुसले, मी नाही

अकोल्यात काय नि अमरावतीत काय, छापखान्याच्या पाटीवर एकच ओळ असते: 'लग्नपत्रिका छापा, डिझाइन फुकट.' फुकट म्हणे! मी घरूनच पत्रिकांची डिझाइनं करते. माझ्या पाटीवर मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'डिझाइनचे पैसे पडतील.' ज्याला यायचं तो येतो.

ही पाटी लावण्याआधी मी अकोल्यातल्या एका शाळेत कंत्राटी चित्रकला शिक्षिका होते. दर उन्हाळ्यात मुदतवाढीचा अर्ज भरायचा, तेव्हा पुढचं वर्ष पदरात पडायचं. एका वर्षी मी घरात सांगून टाकलं, लग्नपत्रिकांची डिझाइनं करून विकणार, आणि पहिली पत्रिका लोकांना पटली तर यंदा अर्ज भरणार नाही. बाबा निवृत्त कारकून. ते भडकले. "डोकं फिरलं काय तुयं? फुकटात भेटते त्याले पैसे कोण देईन?"

मी काही डोळे मिटून उडी मारत नव्हते. वहीत सगळे धोके लिहून काढले होते. दुकान घ्यायचं नाही, मशीन घ्यायचं नाही, छपाई दुसऱ्याकडून करून घ्यायची, सहा महिने ऑर्डर आली नाही तर शिकवण्या घ्यायच्या. बाबांनी चष्मा लावून वही शेवटपर्यंत वाचली. "कागद लिवला, शाई लिवली. माणसं कोठी हायेत याच्यात?" असा राग आला मला! वही हिसकावूनच घेतली.

पहिलं काम मिळालं पातूरच्या एका फुलशेतीवाल्या काकांचं. मुलीचं लग्न होतं. आमच्याकडे पत्रिकेवर नावांची नुसती जत्रा असते. निमंत्रक, विनीत, स्वागतोत्सुक, खाली चिल्ल्यापिल्ल्यांचं वेगळंच आमंत्रण. मी सगळं छाटलं. वधू-वर, दोघांचे आईवडील, कोपऱ्यात मोगऱ्याची एक कळी, बाकी कागद मोकळा. काका खूश. "लय झकास झाली, ताई!" पत्रिका छापून झाल्या, निम्म्या वाटूनही झाल्या.

आणि चौथ्या दिवशी काका उरलेला गठ्ठा घेऊन आमच्या दारात. त्यांचे मोठे जावई रुसले होते. पत्रिकेवर नाव नाही, तर मांडवात पाय ठेवणार नाही म्हणाले. "मोठी पोरगी रडून राहिली, ताई. तिले बी येऊ देत नाही तो."

चूक माझी होती, शंभर टक्के माझी. वऱ्हाडात जन्मले, वाढले, आणि जावयालाच विसरले!

बाबा आत गेले नि कपाटातून अर्ज घेऊन आले. काकांच्या देखत तो माझ्यापुढे ठेवला, वर पेन ठेवला. "कर सही. उद्या शेवटचा दिस हाये."

मला रडू येत होतं. बाबांचा राग येत होता, स्वतःचा त्याहून जास्त. पण एका जावयासाठी मी जन्मभर शाळेचे अर्ज भरत बसू? अजिबात नाही. मी पेन उचलला आणि अर्ज उलटा केला.

"काका, नातेवाइकांची नावं सांगा. एकही सोडू नका. पत्रिकेत घालायला एक वेगळं पान करते. मोगऱ्याचा गजरा काढते, प्रत्येक फुलाखाली एक नाव. पत्रिका वाटून झाल्या त्या घरांतही ते पोचवू. छपाई माझ्या खर्चानं, चूक माझी आहे. पण डिझाइनचे ठरलेले पैसे घेणार."

काकांनी गठ्ठा खाली ठेवला. "घ्या ना, ताई. फक्त जवाई मांडवात आला पाहिजे."

"काय करून राहिली वं?" बाबा ओरडले. "अर्ज हाये तो!"

"होता," मी म्हटलं, आणि पहिलं नाव लिहिलं, मोठ्या जावयाचं.

काका एकेक नाव सांगत गेले. मग बाबा खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले नि कागदावर वाकले.

"जवायाच्या बापाचं नाव कोठी हाये?" ते म्हणाले. "घे आधी. नाही तं आता तो रुसून बसीन."